भिंतीपलीकडचा बेस

ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे त्यांना आधीच सांगून टाकते. घरात दुसऱ्या कुणालाच न येणारा आवाज तुम्हाला येत असेल, तर तो खरा असू शकतो. असेलच असं नाही, पण असू शकतो. एवढं एक वाक्य गेल्या पावसाळ्यात मला कुणी ऐकवलं असतं, तर मी त्या माणसाच्या पाया पडले असते.

मला येणारा आवाज शेजारच्या घरातल्या साऊंड सिस्टीममधून यायचा. तिची एक जाडजूड काळी पेटी जमिनीवर ठेवलेली होती, आमच्या सामायिक भिंतीला चिकटून. एवढीच ती गोष्ट. पण ती समजायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी रक्त तपासून घेतलं, कान तपासून घेतले, डोकं तपासून घेतलं आणि शेवटी राहतं घर बंद करून पुण्याला मुलाकडे जायला होकारही देऊन बसले.

मी सुनंदा. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. लातूरच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो तिथं दर तिसऱ्या घरावर क्लासची नाहीतर मुलींच्या वसतिगृहाची पाटी आहे. घरात मी आणि हे, दोघंच. हे म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

पलंगाच्या पायातून

सुरुवात झाली आषाढात, एका दुपारी. जेवण उरकून मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. डोळा लागतोय तोच पलंगाच्या पायातून काहीतरी वर चढलं. त्याला आवाज म्हणावं की नाही, हेही मला ठरवता येईना. छातीत आत कुठंतरी घरघरत होतं. दूरवर एखादा लादलेला ट्रक चढाला लागावा आणि तो चढ काही केल्या संपू नये, तसं. दुसऱ्या क्षणी मी अनवाणी अंगणात उभी होते.

आमच्या भागात एखाद्याच्या वयाचा अंदाज घ्यायचा तर विचारतात, भूकंपात केवढा होतास? मी तेव्हा नवी नवी शिक्षिका होते. माहेर औशाच्या बाजूचं. त्या भूकंपात माझी धाकटी बहीण कुसुम गेली. त्याबद्दल इथं जास्त लिहिणार नाही, ते मला अजून जमत नाही. इतकंच सांगते की जमीन हलायच्या आधी आवाज आला होता, आणि तो माझ्या अंगाला पाठ आहे.

म्हणून त्या दुपारी मी पळाले. दुसऱ्या दिवशी पळाले, तिसऱ्या दिवशीही पळाले. साधारण दोनच्या सुमारास सुरू व्हायचं आणि सहापर्यंत चालायचं. शेजारणी विचारायच्या, "काय बाई, उन्हात का उभ्या?" मी म्हणायचे, पापड बघायला आले. आषाढात पापड!

जे जे सुचलं ते करून पाहिलं. खिडक्या लावून घेतल्या, तर घरघर वाढली. कानात कापूस घातला, तर आणखी वाढली. आता कळतं की बाहेरचे सगळे आवाज बंद झाले की तो एकटाच उरतो. तेव्हा मात्र वाटलं, म्हणजे हे आपल्या आतच आहे. तुम्हाला असं काही होत असेल तर कापूस घालू नका, पंखा चालू ठेवा. माझं एवढं ऐका.

भूकंपानंतर आमच्याकडे कितीतरी वर्षं एक रीत होती. फळीवर तांब्या, तांब्यावर फुलपात्र, त्यावर वाटी अशी उतरंड रचून ठेवायची. ती पडली की घराबाहेर धावायचं. या वयात मी ती पुन्हा रचली. भांडी जागची हलली नाहीत. चार दिवसांनी यांना चहासाठी फुलपात्र हवं होतं. त्यांनी उतरंड मोडली आणि चहा गाळून घेतला.

रविवारी मी बरी असायचे

खरं सांगते, आजारपणापेक्षा मला घरच्यांच्या चेहऱ्यांचा जास्त त्रास झाला. माणसं वाईट नव्हती, उलट सगळे माझ्याशी जपून वागत होते. त्या जपण्यानेच मी घाबरले.

हे दुपारी अडीचला ज्येष्ठ नागरिकांचा कॅरम खेळायला जातात आणि सहाला परततात. म्हणजे माझी घरघर आणि यांचा कॅरम, दोन्हींची वेळ जवळपास एकच. दोन-तीनदा मी यांना थांबवून घेतलं. त्यांनी भिंतीला कान लावला, फरशीवर तळवा टेकवला. काही नाही. या असल्या आवाजाचं असंच असतं, काहींना तो अंगभर जाणवतो आणि काहींच्या कानाला शिवतही नाही, हे मला फार नंतर समजलं. तेव्हा फक्त यांचा चेहरा दिसायचा, आणि त्यावर माझी कीव असायची.

त्यात अभय, आमचा मुलगा, पुण्याहून महिन्यातून एकदा यायचा. यायचा शनिवारी रात्री आणि जायचा रविवारी संध्याकाळी. रविवारी मला काहीच व्हायचं नाही! मी हसायचे, पुरणपोळी करायचे, दुपारी ढाराढूर झोपायचे. साहजिकच सगळ्यांनी एकच अर्थ काढला.

"आई, तू एकटी पडलीस. बाकी काही नाही," अभय म्हणाला.

मलाही ते पटायला लागलं. रविवारी शेजारची मुलगी क्लासच्या चाचणीला दिवसभर बाहेर असते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यावं?

दिवाळीनंतर एकदा मी यांच्याशी भांडले. मी म्हटलं, "तुम्ही मला खोटी समजायलात." हे कधी आवाज चढवत नाहीत. शांतपणे म्हणाले, "खोटी नाही गं. पण भूकंप जमिनीत नाही, तुझ्या डोक्यात आहे."

त्यानंतर कितीतरी दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. खरी दुखरी गोष्ट ही, की ते बरोबर असतील अशी भीती मलाही होती.

बाकावरचे दिवस

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, रक्त तपासलं आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी पर्समध्ये आठ दिवस तशीच ठेवली. लातूर म्हणजे काही एवढं मोठं गाव नाही. वर्गात सगळ्यांचे कान उपटणाऱ्या बाई आता त्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दिसल्या, तर? गेले तेव्हा तोंडाला पदर लावून गेले. आणि व्हायचं तेच झालं. नावं लिहिणारी मुलगी वर बघते तर माझीच विद्यार्थिनी.

"बाई! तुम्ही?" ती इतक्या मोठ्यांदा बोलली की बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या.

तिची चूक तिच्या लगेच लक्षात आली असावी. ती उठली, माझा हात धरून मला औषधांच्या खोलीत घेऊन गेली, एक खुर्ची पुसून दिली आणि म्हणाली, "इथं बसा बाई. नंबर आला की मी येते." पुढच्या प्रत्येक वेळी तिनं मला घरी फोन करून बोलावलं, बाकावर कधी बसू दिलं नाही. सातवीत तिला मी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिला आठवत असेल तरी तिनं दाखवलं नाही. विद्यार्थिनी कसली, माझी आईच झाली ती त्या दिवसांत.

डॉक्टर भले होते. कुसुमबद्दल त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मी कुणापाशी बोलले नव्हते ते त्या टेबलापाशी बोलले आणि खूप रडले. गोळ्या सुरू झाल्या. झोप लागू लागली. घरघर मात्र दोन वाजता हजर.

मग नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, कारण तिथं माझी नणंद लता राहते. आम्ही तिच्याकडे आठवडाभर मुक्काम केला. रोज सकाळी दवाखान्यात जायचं, नंबर लावायचा, कधी या तपासणीला बसायचं, कधी त्या. लता डब्यात पोळीभाजी बांधून द्यायची आणि दवाखान्याच्या मागच्या कडुनिंबाखाली बसून आम्ही ती खायचो.

नांदेडला घरघर नव्हती. एकाही दुपारी नव्हती. तिसऱ्या दिवशी मी लताच्या घरी दोन ते पाच गाढ झोपले. उठले तर हे उशाशी बसलेले आणि डोळ्यांत पाणी.

"बघ, घर सोडल्यावर बरी झालीस. म्हणजे त्या घराचीच भीती आहे तुला," हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी फोनवर यांनी आणि अभयनं ठरवलं की महिनाअखेर लातूरचं घर बंद करायचं आणि पुण्याला जायचं. त्या घराचा पाया खणताना मी स्वतः खड्ड्याशेजारी उभी राहिले होते. गवंड्याला म्हटलं होतं, पुन्हा भूकंप आला तरी हे घर हलता कामा नये. त्या घराला मी घाबरते असं सगळे म्हणत होते, आणि मी हो म्हणाले. थकले होते हो मी.

शेवटच्या दिवशी कानाची मुख्य तपासणी झाली. काचेच्या एका बंद खोलीत बसवतात, कानांवर पट्टा लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. ते काम करणारी मुलगी नाझनीन. कागद बघून ती म्हणाली, "मावशी, कान फर्स्टक्लास आहेत तुमचे. खालचे सूर तर माझ्याहून चांगले ऐकू येतात तुम्हाला."

मग तिनं विचारलं, "इथं नांदेडात येतो का तो आवाज?"

"नाही गं. आल्यापासून एकदाही नाही."

ती पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबली. "मावशी, कानातला आवाज मागं ठेवून कुणी गावाला जात नाही. तो सोबत येतो. लग्नात येतो, मयतीत येतो. तुमचा तर घरीच राहिला. मग तो घरातला हाय, तुमच्यातला न्हाई."

ही पोर डॉक्टर नव्हती. बाहेर पन्नास माणसं खोळंबली होती. तिनं हा प्रश्न विचारला नसता तर आज मी पुण्यात सातव्या मजल्यावर गोळ्या मोजत बसले असते. नाझनीन, तू हे वाचशील की नाही कोण जाणे. वाचलंस तर ही मावशी तुझं नाव रोज घेते एवढं समज.

रवा

नाझनीनचं बोलणं यांनी कानाआड केलं, म्हणून घरी आल्यावर सामान बांधायला काढलं. शाळेच्या पेटीत माझी जुनी टाचणवही सापडली. चाळताना एका पानावर माझंच अक्षर दिसलं: ध्वनी म्हणजे कंपन. साहित्य: पत्र्याचा डबा, फुगा, रवा.

मी कपाळावर हात मारून घेतला. हा प्रयोग मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा देवाला नवस बोलत बसले. शिकवलेलं स्वतःला लागू करायचं असतं हे आम्हा शिक्षकांच्या लक्षातच येत नाही.

तुपाचा रिकामा डबा घेतला. काळा फुगा कापून त्याच्या तोंडावर ताणून बसवला, वर चिमूटभर बारीक रवा पसरला. डबा आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीजवळ ठेवला. सव्वादोन झाले होते. घरघर सुरू झाली, आणि रवा नाचायला लागला. कण उडत होते, सरकत होते, रेघेत गोळा होत होते. मी जमिनीवर मांडी घालून नुसती बघत राहिले. सात महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा माझ्या बाजूनं कुणीतरी बोलत होतं.

हे चपला घालून निघाले होते. मी हाक मारली, "जरा आत या."

"काय करायलीस खाली बसून?"

"बघा."

यांनी चष्मा लावला, गुडघ्यावर हात टेकून वाकले. रवा उडत होता. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता म्हणतील, चुकलो. आता म्हणतील, माफ कर.

यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि मला उभं करून दाराकडे ओढलं.

"भूकंप! अगं चल, भूकंप!"

"अहो, थांबा..."

थांबतात कसले! सात महिने मला समजावणारा हा शांत माणूस मला फरफटत रस्त्यावर घेऊन आला आणि गल्लीच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडला, "बाहेर या! भूकंप! भूकंप!"

लातूरात हा शब्द गमतीनं कुणी उच्चारत नाही. मिनिटाभरात गल्ली भरली. वसतिगृहातल्या मुली नोट्स हातात घेऊन धावत आल्या. समोरच्या आजी पोथीसकट आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या तोंडाला साबण. शेजारच्या घरातून द्वारका आणि तिची मुलगी प्रतीक्षा आल्या. द्वारका मूळ अर्धापूरची. तिकडे त्यांची केळीची बाग आहे. नवरा बाग बघतो आणि ही पोरीच्या क्लाससाठी इथं खोली करून राहते. दर जूनमध्ये आमच्या गल्लीत अशी नवी माणसं येतात. मुलगी मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती.

"लाइटीचा मेन बंद करूनच आले मी, अण्णा," द्वारका धापा टाकत म्हणाली. "घरमालकानं पहिल्याच दिशी बजावलं व्हतं. भूकंप म्हणलं की आधी मेन पाडायचा."

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. जमीन काही हलेना. टीव्हीवर बातमी नाही, फोनवर नाही. समोरच्या आजींनी विचारलं, "अण्णा, कुणाला जाणवलं म्हणायचं?"

हे गोरेमोरे झाले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "रव्याला."

गल्ली जी हसत सुटली! मुली पोट धरून हसत होत्या. मी हसले नाही. मी उंबऱ्यावरून आत बघत होते, कारण माझी छाती शांत होती. दुपारचे अडीच वाजले होते, वार मंगळवार होता आणि घरघर नव्हती.

आम्ही आत गेलो. रवा गप्प पडला होता. पाच मिनिटांनी शेजारी द्वारकानं मेन चालू केला असावा, खटका ऐकू आला. रवा उडाला. यांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले.

बेस

आम्ही तसेच शेजारी गेलो. द्वारकाच्या खोलीत प्रतीक्षाचं टेबल आमच्या भिंतीला लावलेलं आणि टेबलाखाली ती पेटी. गाणं नाही, सूर नाही, नुसता हुंकार. कुठल्याशा पालक मेळाव्यात क्लासवाल्यांनी पेन ड्राइव्ह दिला होता, एकाग्रतेचं संगीत म्हणून. अभ्यासाला बसलं की लावायचं. कानाला ते फारसं ऐकू यायचंच नाही. म्हणून तर कुणी ओळखलं नाही.

"पण द्वारका, इतकं मोठं का लावलंस?"

"मोठं कुठं लावलं मॅडम? आवाज तर बारीकच हाय." ती खाली बसली आणि पेटीवरचं गोल बटण दाखवलं. "हे तेवढं वाढवलं. क्लासचे सर म्हणले, पोरीचा बेस लई कच्चा हाय, आधी बेस वाढवा, मग बाकीचं. म्या दुकानात इचारलं, बेस कुठून वाढतो? त्यानं हे बटन दावलं. तवापून पुराच ठिवला."

हे खोकल्याचं निमित्त करून दाराकडे वळले. मलाही हसू फुटणारच होतं, पण ते घशातच राहिलं.

कारण मी तीस वर्षं पालकांना हेच सांगत आले होते. मुलाचा बेस कच्चा आहे. मुलीचा बेस पक्का करा. समोर शेतातून उठून आलेली माणसं मान हलवून होकार द्यायची, "हाव" म्हणायची. आमच्याकडे बेस म्हणजे छान, झकास. घर बांधणाऱ्याला बेस म्हणजे पाया. पेटीवर बेस म्हणजे ही घरघर. आणि शाळेत, क्लासात बेस म्हणजे नक्की काय, हे मी एकाही आईला कधी उलगडून सांगितलं नाही. त्या घरी जाऊन काय वाढवत असतील, देव जाणे. या बाईनं जे हाताला लागलं ते वाढवलं.

प्रतीक्षानं हात लांब करून बटण बंद केलं. खोली शांत झाली. ती पोर डोकं टेबलावर टेकवून रडायलाच लागली.

"मम्मी, डोकं दुखतं गं माझं यानं. रोज दुखतं. मळमळतं."

द्वारका उभीच राहिली. "मग बोलली का न्हाईस बाई?"

"तू इतकी आशेनं लावून राहिली. अन् मला वाटलं आवाजाचं काही नसेल. माझंच डोकं कामातून गेलंय अभ्यासानं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी सात महिने तेच सोसत होतो आणि दोघींनाही वाटत होतं की दोष आपल्यातच आहे. मी तिला म्हटलं, "पोरी, माझ्यासोबत रवा आहे, तुझ्यासोबत मी आहे. तुझं डोकं जागेवर आहे." तिला रव्याचं काही कळलं नसेल, पण ती मान हलवत राहिली.

पेटी त्याच दिवशी अर्धापूरला जाणाऱ्या गाडीत चढली. दुसऱ्या दिवशी द्वारका केळीची भलीमोठी फणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. "म्या तुमाला सात महिने आजारी पाडलं, मॅडम. कुठल्या तोंडानं आत येऊ?"

"आहे त्याच तोंडानं ये," मी म्हटलं. "तू मेन पाडलास म्हणून मी सुटले." आणि ते खरंच होतं. तिनं घरमालकाचा नियम इमानदारीनं पाळला नसता, तर आम्ही रव्याकडे बघून अजून जमिनीलाच दोष देत बसलो असतो.

मग आम्ही बसलो आणि मी तिला सांगितलं की क्लासचा बेस म्हणजे आठवी-नववीचं गणित आणि विज्ञान. तिनं सगळं ऐकून घेतलं. "असं व्हय! मग ते तर तुमीच शिकवा की," म्हणाली. आता प्रतीक्षा रोज तासभर माझ्याकडे बसते. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते होईल, डोकं दुखायचं थांबलंय.

त्यानंतर

मनाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला. "शेजारी कोण राहतं हे मी विचारायला हवं होतं," म्हणाले. हे म्हणायला मोठं मन लागतं. मला वाटलं होतं आता गोळ्या कचऱ्यात टाकायच्या. ते म्हणाले, "पेटी खरी होती आणि तुमची भीतीही खरी होती. पेटी गेली. भीतीला थोडा वेळ द्या." गोळ्या त्यांनी हळूहळू कमी केल्या. तुम्हीही आपल्या मनानं बंद करू नका. कुसुमबद्दल बोलायला मी अजून महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते, पदर न लावता.

पुण्याचं जाणं रद्द झालं. अभयला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी तुझं ऐकूनच घेतलं नाही." मी म्हटलं, तू आलास की मी बरीच असायचे रे, तुझा काय दोष? तो रडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

यांनी मात्र माफी मागितली नाही. भूकंपवाले अण्णा म्हणून गल्लीत चेष्टा होते ती निमूट ऐकून घेतात. महिनाभर रोज कॅरमला जाण्याआधी आतल्या खोलीत जाऊन डबा बघायचे आणि मला येऊन सांगायचे, "आज रवा शांत आहे." मी म्हणायचे, बरं. एवढंच आमचं बोलणं. मी मनातून वाट बघत होते की हा माणूस ते ‘भूकंप तुझ्या डोक्यात आहे’ वाक्य कधी मागे घेतोय.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आम्ही ओट्यापाशी होतो. चहा उकळत होता. आणि एकदम मला ते जाणवलं. पायांतून वर, छातीत. पेटी शंभर कोस लांब असताना. मी कप घट्ट धरला. बोलायचं नाही असं ठरवलं. सगळं आता कुठं नीट झालंय, पुन्हा तेच कशाला?

यांनी माझ्याकडे बघितलं. "आलं का?"

मी मान हलवली. यांनी क्षणभर कान दिला. त्यांना काहीच आलं नसणार, ते चेहऱ्यावर दिसत होतं. डबा बघायला आत जातील असं मला वाटलं. गेले नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, माझ्या चपला पायांपुढे आणून ठेवल्या आणि हात पुढे केला.

"चल, बाहेर उभं राहू."

आम्ही गल्लीत येऊन उभे राहिलो. वसतिगृहाच्या गॅलरीतून मुलींनी विचारलं, "काय झालं अण्णा? रवा का?" आणि खिदळल्या. हे म्हणाले, "नाही, आज बाईंना जाणवलंय. खाली या सगळ्या." मुली हसायच्या थांबल्या आणि खरंच खाली आल्या.

दहा मिनिटं गेली. काही झालं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं, "नसेल हो काही. मला नुसतं वाटलं असेल."

"असू दे," हे म्हणाले. "पुन्हा वाटलं तर पुन्हा येऊ."